डोळ्यांचे आनुवंशिक विकार आणि आपला कुलवृत्तान्त
(मंडळाच्या भंडारा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



कार्यकारिणीने या वर्षीच्या मेळाव्यात बोलण्याची आम्हांस आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. निवृत्त गुरुजी बोलावयास उभा राहिला म्हणजे शिस्त, संस्कार अथवा व्यसनमुक्ती यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार, या तयारीने आपण बसला असाल. आज आम्ही निराळाच विषय घेतला आहे. डोळ्यांचे जे विकार आईबापांकडून मुलांकडे उतरतात, त्यांच्याविषयी विद्वान मंडळी शास्त्रीय नियतकालिकांतून काय लिहीत आली, ते लिहिण्यासाठी त्यांनी कोणाच्या घरची माहिती घेतली, आणि त्या लेखनाचा आपल्या सोयरिकींशी व आपल्या कुलवृत्तान्ताशी काय संबंध पोहोचतो, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार नाही. परंतु हे लेख भ्रमणध्वनीवर उघडण्याची युक्ती पुतण्याने शिकविली आणि शब्दकोश शेजारी ठेवून दोन पावसाळे आम्ही ते वाचीत बसलो. जेवढे नीट समजले तेवढेच येथे सांगू.

फ्रान्स देशात माँपेलिए शहराजवळ व्हाँदेमियाँ नावाचे एक लहान गाव आहे. सन १६३७ मध्ये जन्मलेला झाँ नूगारे नावाचा एक खाटीक त्या गावी येऊन राहिला. त्याला दिवसा उत्तम दिसे, सूर्य मावळला की काही दिसत नसे. त्याच्या मुलांपैकी काहींना तसेच झाले, नातवंडांपैकी काहींना तसेच. क्यूनिए नावाच्या डॉक्टराने १८३८ साली त्या घराण्याची हकीकत प्रथम छापली. पुढे एडवर्ड नेटलशिप या इंग्रज नेत्रवैद्याने १९०२ साली आपला चांगला चाललेला व्यवसाय सोडला आणि उरलेले आयुष्य असल्या घराण्यांच्या वंशावळी जमविण्यात घालविले. १९०७ साली त्याने नूगारे घराण्याची दोन हजारांहून अधिक माणसांची वंशावळ प्रसिद्ध केली. अखेर १९९६ साली, म्हणजे त्या खाटकाच्या जन्मानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी, शास्त्रज्ञांनी दोष नेमका कोणत्या जनुकात आहे ते शोधून काढले. गावच्या धर्मपीठाच्या वह्यांत जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी निष्ठेने ठेवलेल्या नसत्या, तर यातले काहीही झाले नसते. आपल्याकडे भाट दर काही वर्षांनी येऊन वही वाचतात, नवीन नावे चढवितात आणि धान्य, दक्षिणा घेऊन जातात. त्या वहीची किंमत काय, हे नेटलशिपला विचारले असते तर त्याने योग्य ते उत्तर दिले असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या गावांतून 'रातांधळे' म्हटले की लोक लगेच कलेजी, गाजर, शेवग्याचा पाला यांची नावे घेतात. ते योग्यच आहे. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने जे रातांधळेपण येते ते त्या आहाराने व औषधाने बरे होते, आणि सरकारने १९७० पासून लहान मुलांना ते जीवनसत्त्व पाजण्याचा कार्यक्रम चालविला आहे. परंतु दुसरे एक रातांधळेपण डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या झिजेने येते. ते कुमारवयात वा तारुण्यात सुरू होते, मग बाजूचे दिसणे कमी होत जाते, आणि माणूस नळीतून पाहिल्याप्रमाणे समोरचे तेवढे पाहू लागतो. त्याला डॉक्टर रेटिनायटिस पिग्मेंटोसा म्हणतात. जगात साधारणपणे चार हजारांत एकाला हा विकार असतो. याला कलेजी चालत नाही. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून संध्याकाळी घरी परतताना जो मुलगा वारंवार घसरतो, त्याला 'आळशी', 'वेंधळा' म्हणून हिणविण्यापूर्वी पडदा तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. अशा मुलांना वर्गात उगाच छड्या बसलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

आता आपल्या कुलवृत्तान्ताकडे वळू. मंडळाने तो छापण्याचे काम हाती घेतले आहे, आणि त्याच्या नमुन्याची पाने कार्यालयात लावलेली आपण पाहिली असतील. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, त्यांचे पुत्र. कन्या असल्यास 'कन्या दोन' एवढाच उल्लेख, काही ठिकाणी तोही नाही. लग्न होऊन ती दुसऱ्या कुळात गेली, आपल्या वृक्षावरून उतरली, असा आपला समज. धर्मशास्त्रात काय असेल ते असो. डोळ्याच्या पडद्याला हा हिशेब मान्य नाही.

याचे उत्तम उदाहरण रंगांधळेपणाचे. जॉन डाल्टन हा अणुवादासाठी प्रसिद्ध झालेला इंग्रज शास्त्रज्ञ. त्याला स्वतःला तांबडा व हिरवा यांतील भेद कळत नसे, आणि त्याविषयीचा निबंध त्याने १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेत वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, अशी त्याची कल्पना होती, आणि मृत्यूनंतर डोळे उघडून पाहावेत असे त्याने सांगून ठेवले. १८४४ साली तो वारला, डोळे उघडले, द्रव स्वच्छ निघाला. परंतु डोळ्यांचे अवशेष कोणी टाकून दिले नाहीत. १९९५ साली त्यांतूनच जनुकद्रव्य काढून तपासले गेले आणि डाल्टनला हिरव्या रंगाचे संवेदन देणारे जनुकच नव्हते असे 'सायन्स' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. दीडशे वर्षे बाटलीत राहिलेल्या डोळ्यांनी अखेर साक्ष दिली!

परंतु आमचा मुद्दा पुढे आहे. झ्युरिचच्या होर्नर नावाच्या डॉक्टराने १८७६ साली रंगांधळ्यांच्या वंशावळी छापून दाखविले की, हा दोष आजोबांकडून नातवाकडे जातो आणि मधली मुलगी निर्दोष दिसते. कारण पुढे १९११ साली सांगितले गेले. ज्या गुणसूत्रास एक्स म्हणतात त्यावर हा दोष बसलेला असतो. बाप आपले एक्स मुलाला देत नाही, प्रत्येक मुलीला मात्र देतो. मुलीजवळ आईकडून आलेले दुसरे, चांगले एक्स असते, म्हणून तिचे डोळे चांगले राहतात. तिच्या मुलांपैकी निम्म्यांना तो दोष येण्याचा संभव असतो. म्हणजे ज्या कन्येला आपण वृक्षावरून उतरविले, तिच्याच हातून आजोबांची ही ठेव नातवाला पोहोचते.

तुमसर रोड स्टेशनच्या बाजूचा आमचा एक विद्यार्थी रेल्वेच्या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. वैद्यकीय तपासणीत त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांची चकती ठेवली. ती जपानच्या इशिहारा या डॉक्टराने १९१७ साली तयार केलेली. इतरांना त्यात आकडा दिसतो, याला ठिपकेच दिसले. घरचे लोक म्हणाले, आमच्या सात पिढ्यांत असे नाही. आम्ही त्याच्या आईला विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "गुरुजी, माझे बाबा भिवापूरकडच्या वावरात मिरची तोडायला गेले की सगळे हसायचे. लाल कोणती, हिरवी कोणती, त्यांना ओळखू येतच नव्हतं." सात पिढ्या बापाकडच्या मोजल्या होत्या. आईच्या घरची एक पिढी मोजली असती तर मुलाने चार वर्षे त्या एका नोकरीच्या मागे घालविली नसती. युरोपात शंभर पुरुषांपैकी सुमारे आठांना हा दोष असतो, आपल्याकडे त्याहून कमी. परंतु पोरे पोलीस, रेल्वे, सैन्य यांच्या भरतीसाठी जिवाचे रान करतात अशा जिल्ह्यात तेवढेही पुष्कळ झाले. आठवी-नववीतच ही तपासणी करून घ्यावी.

यापुढचा भाग काहींना कडू लागेल. मामाच्या मुलीविषयी बोलावयाचे आहे.

विदुषी इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आप्तसंबंधांवरील आपल्या ग्रंथात, महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाची मुलगी करतात परंतु आतेची मुलगी करीत नाहीत, या रीतीची नोंद केली आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर व डॉ. एल. डी. संघवी यांनी १९४९-५० साली मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची माहिती लंडनच्या नियतकालिकात छापली. आणि १९५६ साली संघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील बारा गटांत नात्यातील लग्नांचे प्रमाण किती, याचा लेख स्वित्झर्लंडमधून निघणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, हे जाता जाता सांगतो. तात्पर्य, आपल्या घरी कोणाची सून कोणत्या नात्याची आहे, याचा विचार शास्त्रज्ञ निदान सत्तर वर्षे करीत आले आहेत. आपणच तो केला नाही.

हिशेब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. काही नेत्रविकार असे आहेत की आई व बाप दोघांकडूनही दोष आला तरच मूल आजारी होते. एकाकडून आला तर माणूस केवळ वाहक राहतो व त्याला आयुष्यभर काही होत नाही. पडद्याच्या झिजेचे पुष्कळ प्रकार आणि जन्मजात काचबिंदूचे पुष्कळ रुग्ण या जातीचे असतात. समजा, एक आजोबा असे वाहक आहेत. त्यांच्या मुलीकडे दोष जाण्याचा संभव निम्मा, तिच्याकडून तिच्या मुलाकडे जाण्याचा पुन्हा निम्मा. म्हणजे नातू वाहक असण्याचा संभव एक चतुर्थांश. मामाच्या बाजूने नातीचाही तेवढाच. दोघेही वाहक असण्याचा संभव सोळात एक, आणि त्यांच्या पोटी आजारी मूल येण्याचा चौसष्टात एक. आता त्याच नातवाने नात्याबाहेरची मुलगी केली, आणि बाहेर शंभरात एक माणूस वाहक आहे असे धरले, तर आजारी मुलाचा संभव सोळाशेत एक होतो. पंचवीस पटींचा फरक आहे. कुळ आणि देवक पाहून लग्न करण्याची आपली रीत बापाच्या बाजूचे रक्त टाळते, हे खरे. आईच्या बाजूची वाट ती उघडीच ठेवते. यावर कोणी म्हणेल की आमच्या आजीने मामाच्या घरीच संसार केला आणि सगळी धडधाकट निघाली. निघतात. चौसष्टात त्रेसष्ट धडधाकटच निघतात. चौसष्टाव्याच्या आईला हा आकडा सांगून समाधान होत नाही.

हे शहाणपणही आजचे नव्हे. १८६१ साली बर्लिनमध्ये लीब्राइख नावाच्या डॉक्टराने मूकबधिरांचे डोळे तपासले, तेव्हा त्यांच्यांतील कित्येकांचे पडदे झिजलेले आढळले आणि त्यांपैकी अनेकांचे आईबाप एकमेकांच्या नात्यातील निघाले. शास्त्रीय वंशावळीत पुरुष चौकोनाने, स्त्री वर्तुळाने दाखवितात, आजारी असेल तर आकृती काळी भरतात. आणि नवरा-बायको एका रक्ताचे असतील तर त्यांना जोडणारी रेघ दुहेरी काढतात. अशा पानांवर दुहेरी रेघेखाली काळ्या आकृती वारंवार दिसतात. शब्दकोश न उघडता जे आम्हांस समजले ते एवढेच, आणि तेच मनात अधिक राहिले.

तेव्हा काही उत्साही तरुणांनी सुचविले की वधूवर परिचय पुस्तिकेत उंची, वर्ण, मामेकुळ यांच्या रकान्यांशेजारी 'घरातील आनुवंशिक आजार' असाही रकाना छापावा. हेतू चांगला आहे, पण आमचा त्यास स्पष्ट विरोध आहे, आणि त्याचे कारण या नियतकालिकांच्या इतिहासातच आहे. खानोलकर-संघवींचा लेख ज्यात आला त्या नियतकालिकाचे नाव 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स', म्हणजे सुप्रजननाचा वार्षिक वृत्तान्त. ते १९२५ साली निघाले, आणि १९५४ साली त्याने आपले नाव बदलून 'ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स' केले. मधल्या काळात जर्मनीत काय झाले ते पाहा. १४ जुलै १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने कायदा केला. आनुवंशिक रोग असलेल्यांना सक्तीने निर्बीज करावयाचे, आणि रोगांच्या त्या यादीत 'आनुवंशिक अंधत्व' स्पष्टपणे लिहिलेले होते. त्या कायद्याखाली सुमारे चार लाख स्त्रीपुरुषांना निर्बीज केले गेले. आपल्याकडे सरकार तसे काही करणार नाही. पण छापील रकान्यात एकदा नाव आले की त्या घरच्या निर्दोष मुलींचीही लग्ने राहतील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. लपविण्याची खोड ज्या भीतीने लागते, ती भीती रकान्याने वाढेल. आणि असे थोडेबहुत गुप्त दोष आपणां प्रत्येकाच्या अंगी असतात. या सभामंडपात एकही अपवाद नाही.

मग नोंद ठेवावयाची कशी? नेटलशिपच्या स्मरणार्थ वंशावळींचा जो मोठा ग्रंथ निघाला, त्याचे काम ज्युलिया बेल या बाईंनी १९२२ पासून पुढे चालविले. त्या केंब्रिजला गणित शिकल्या. तेथे तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसत. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या १९४८ पासून दिल्या. याच बेलबाईंनी १९३७ साली हॉल्डेन यांच्यासह रंगांधळेपणा आणि रक्त न थांबण्याचा रोग या दोहोंची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसतात असे दाखविले. हे हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले, नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. शास्त्रीय वंशावळीत नावे छापत नाहीत. पिढीला रोमन अंक, माणसाला क्रमांक. नाव घरच्या वहीत, अंक लेखात. ही रीत आपण उचलावी.

लेख छापून उपयोग काय, असे विचारणाऱ्यांस आपल्याच विदर्भातील गोष्ट सांगतो. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल व सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेल दोषाविषयी 'लॅन्सेट' या विलायती साप्ताहिकात दोन पानांचा लेख दिला. रक्ताचा हा रोग डोळ्यांनाही सोडीत नाही. वाकड्या झालेल्या पेशी पडद्याच्या कडेच्या बारीक वाहिन्या बंद करतात. आज भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे हा रोग कोणाला नवा नाही; १ जुलै २०२३ रोजी देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आणि गावोगाव रक्ततपासणी होते. ज्याला सिकलसेल आहे त्याने डोळ्यांचा पडदाही दाखवावा, एवढे या निमित्ताने ध्यानी ठेवावे. दुसरे उदाहरण लेबर यांनी १८६९ साली वर्णिलेल्या जन्मांधत्वाचे. त्याच्या एका प्रकारातील दोषी जनुक १९९७ साली सापडले, २००१ साली त्याच दोषाने आंधळ्या जन्मलेल्या कुत्र्यांना दिसू लागल्याचा लेख आला, २००८ साली माणसांवरील प्रयोगांचे लेख आले आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत त्या औषधास मान्यता मिळाली. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर! आपण ती देऊ शकत नाही. परंतु दोष कोणत्या जनुकात आहे हे ज्या घराला माहीत आहे, त्यालाच पुढे कधी औषध स्वस्त झाल्यास त्याचा लाभ. पडद्याच्या झिजेस कारण होणारी जनुके ऐंशीहून अधिक आहेत.

आपल्या समाजातील एका घरी काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील संस्थेची मंडळी आली होती. तीन भावांचे व आईचे रक्त घेतले, कागदावर अंगठे व सह्या घेतल्या. कागद इंग्रजीत होता. त्यानंतर चिठ्ठी नाही, फोन नाही. लेख छापून आला की नाही, आला तर त्यात काय लिहिले, थोरल्याच्या मुलीचे लग्न करावयाचे तर काय सांभाळावे, यांपैकी काही त्या माउलीला आजतागायत कळले नाही. हे बरोबर झाले नाही. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून संमतीचा नियम जगन्मान्य आहे, आणि आपल्या देशाच्या वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ साली काढलेल्या सूचनांतही समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेण्यास सांगितले आहे. पुढे कोणी आले तर रक्त जरूर द्या. पण मराठीत लिहिलेला कागद मागा, निकाल कोण व केव्हा कळविणार ते लिहून घ्या, आणि त्या कागदाची प्रत घरी ठेवा.

लेख वाचावयास मिळत नाहीत ही सबब मात्र आता अर्धीच खरी उरली आहे. पुष्कळ नियतकालिके एकेका लेखाला आपल्या महिन्याच्या किराण्याएवढे पैसे मागतात. तथापि १९९५ साली निघालेले 'मॉलिक्युलर व्हिजन' कोणालाही फुकट वाचता येते, आणि १९५३ पासून निघणारे आपल्या नेत्रवैद्यांचे नियतकालिकही तसेच. साकोलीच्या बसस्थानकावर बसून ते उघडते, हे आम्ही करून पाहिले आहे. अडचण भाषेची आहे. विज्ञानाच्या पदव्या घेतलेले आपल्या समाजात आज पुष्कळ आहेत; दर वर्षी या स्मरणिकेत असा एक लेख मराठीत आणण्याचे काम त्यांनी घ्यावे.

आमची सूचना एवढीच. कुलवृत्तान्ताच्या छापील पानांत कन्यांची नावे, त्यांची सासरे आणि नातवंडे यांना पुत्रांएवढीच जागा द्यावी. आजारांची माहिती त्यात मुळीच छापू नये. ती प्रत्येक घराने स्वतःच्या वहीत, चौकोन-वर्तुळांनी, चार पिढ्यांची लिहून ठेवावी. सोयरीक ठरण्यापूर्वी दोन्ही घरच्या वडील मंडळींनी त्या वह्या डॉक्टरांपुढे उघडाव्यात आणि मग मिटून टाकाव्यात.

आम्ही आमच्या घरची वही भरावयास घेतली आहे. आतापर्यंत त्रेसष्ट माणसे लिहून झाली, त्यांत स्त्रिया एकतीस. वडिलांच्या बाजूचे काम एका संध्याकाळी झाले. आजीच्या माहेरचे तीन महिने चालले आहे. तिचे माहेर पवनीजवळ वैनगंगेच्या काठी होते, आणि तिच्या दोन बहिणी कोठे दिल्या ते आमच्याकडे कोणालाच ठाऊक नाही. त्या बाजूची कोणी मंडळी येथे आली असतील, तर भोजनानंतर त्यांनी आम्हांस अवश्य भेटावे. वही आम्ही सोबत आणली आहे.